हिवरदऱ्याची सागरी कासवं

बेट व्हायला समुद्र लागतो, असं शाळेत शिकवतात. ते चूक आहे. बेट व्हायला मंजुरी लागते. समुद्राचं नंतर बघता येतं.

परभणी जिल्ह्याला समुद्र नाही, ही गोष्ट जिल्ह्याने फार वर्षं मनाला लावून घेतली नव्हती. पूर्णेला रेल्वेचं जंक्शन होतं, खाली गोदावरी होती, कापूस होता, ऊन तर गरजेपेक्षा जास्तच होतं. समुद्रावाचून कुणाचं अडत नव्हतं. पण १९८५ साली वरून एक योजना उतरली. जहाजात बसून दूरवरच्या निर्मनुष्य बेटावर जायचं आणि तिथले दुर्मिळ जीव, त्यातही सागरी कासवं, वाचवायची. योजना सगळ्या जिल्ह्यांना सारखीच वाटली गेली, कारण सरकार लेकरालेकरांत दुजाभाव करत नाही. (त्याच न्यायाने कोकणातल्या कुठल्याशा तालुक्याला त्या वर्षी दुष्काळी खडी फोडायचं काम मिळालं, म्हणे. भर पावसात त्यांनी ती चोख फोडली.) आलेली योजना परत पाठवणं म्हणजे लग्नात आलेला आहेर परत करण्यासारखं. तेव्हा जिल्ह्यात तातडीने एक ‘बेट-संवर्धन कक्ष’ निघाला आणि त्याच्या प्रमुखपदी भगवानराव साहेब बसले. साहेबांनी समुद्र एकदाच पाहिला होता आणि तोही ओहोटीच्या वेळी; पण बाकीच्या अर्जदारांनी तेवढाही पाहिला नव्हता.

बेट मात्र लगेच सापडलं. जिंतूर तालुक्यात हिवरदरा धरण होतं. धरण भरलं तेव्हा जुनं हिवरदरा गाव पाण्याखाली गेलं आणि मधोमध भैरोबाची टेकडी तेवढी डोकं वर काढून राहिली. चहूबाजूंनी पाणी: म्हणजे बेट. परभणीहून मुंबई एका रात्रीत गाठता येते, पण हिवरदऱ्याला जिंतूरहून दिवसाकाठी एकच एसटी, आणि तीही मनात आलं तर: म्हणजे दूरवरचं. निर्मनुष्य असल्याचं सिद्ध करायला तर काहीच कष्ट पडले नाहीत. माणसं सरकारनेच उठवली होती.

राहिला समुद्र. तलावाला इथून पुढे ‘समुद्र’ म्हणायचं, असं एका बैठकीत ठरलं. मराठवाड्यात त्या वेळी एका विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव होऊन सात वर्षं झाली होती. नाव काही बदललं नव्हतं. त्यापायी गोरगरिबांची घरं तेवढी जळाली होती. तलावाचा समुद्र व्हायला मात्र एक दुपार आणि दोनदा चहा पुरला. कुणी मोर्चा काढला नाही, कुणाची झोपडी पेटली नाही, एसटीची काचसुद्धा फुटली नाही. (नाव कुणाचं आहे, यावर सगळं असतं. समुद्राला जात नसते.)

जहाज ट्रकवरून आलं. कुठल्याशा बंदरात त्याची नोकरी संपली होती. इथे त्याला मुदतवाढ मिळाली. त्याचे कप्तान म्हणून दत्तराव नेमले गेले. दत्तराव एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या मते एसटी आणि जहाज यांत फरक म्हणाल तर एवढाच, की जहाजाला खड्डे लागत नाहीत. मागून कुणी दोनदा घंटी मारल्याखेरीज ते जहाज हलवत नसत, आणि काठावरून कुणी हात केला की थांबवत. दिवाळीतल्या चाचणी-फेरीत त्यांनी टेकडीला एक वळसा घातला आणि वाटेत सात ठिकाणी थांबे घेतले. त्यांपैकी दोन ठिकाणी म्हशी होत्या.

आता मोहिमेत एक महिला खलाशी असलीच पाहिजे, असा नियम होता. साहेब बाई शोधायला काठावरच्या नव्या गावात आले तेव्हा दसरा होऊन गेला होता आणि ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडून गेल्या होत्या. मागे म्हातारी माणसं, तान्ही लेकरं आणि आपलं पोर सांभाळत कडूबाई. कडूबाईचा नवरा पंडित धाकट्या भावाला जोडीला घेऊन कोयत्यावर गेला होता. कडूबाईला तिच्या सासूने, चांगुणाबाईने, यंदा हट्टाने ठेवून घेतलं होतं, कारण गाळपेरीला हाताखाली कुणीतरी पाहिजे होतं.

तेव्हा कडूबाईची मुलाखत गावाच्या पारावर झाली.

“पोहता येतं का?”

“न्हाई.”

“जहाज पाहिलंय कधी?”

“न्हाई. तुमी?”

साहेबांनी ‘उत्तरं समाधानकारक’ असा शेरा मारला आणि कडूबाई खलाशी झाली. लुगड्यावर पांढरा सदरा, पदरावर निळी टोपी, गळ्यात शिट्टी. मंगळसूत्र आणि शिट्टी शेजारी शेजारी लोंबायची. आवाज फक्त शिट्टीला होता.

आणि कडूबाईला ती शिट्टी लय म्हणजे लयच आवडली. आठ वर्षांच्या संसारात तिचा आवाज चुलीच्या पुढे गेला नव्हता. आता तिने फुंकर मारली की पलीकडच्या काठावरचा माणूस मान वळवून बघायचा. ती झोपतानासुद्धा शिट्टी काढत नसे. चांगुणाबाई म्हणायची, “गळ्यात घुंगरू बांधलेल्या शेरडीवानी झालीस की गं!” पण म्हणताना तिचंही लक्ष त्या शिट्टीवर असायचं.

उद्घाटनाशिवाय मोहीम निघत नाही, हे सांगायला नको. उद्घाटनाला पाहुणा लागतो आणि पाहुणा जितका मोठा तितकी त्याची तारीख लांब. आपल्याकडे नवरदेव नसला तर एक वेळ मुहूर्त टाळतील, पण पाहुण्याचा सत्कार झाल्याखेरीज नारळ फोडणार नाहीत. पाहुण्यांना काठावरून जहाज आणि मागे बेट असं एका नजरेत दिसावं म्हणून दत्तरावांनी जहाज काठ आणि टेकडीच्या बरोबर मध्ये नेऊन उभं केलं आणि नांगर टाकला. मांडव पडला. शाल आली. पाहुण्यांनी कार्तिकातली तारीख दिली, मग पौषातली, मग म्हणाले, बघू.

तोवर खालच्या रब्बीसाठी कालव्याला पाणी सोडलं गेलं. एकदा, दोनदा, तीनदा. जहाज जागचं हललं नाही. पाणीच निघून गेलं. माघ संपता संपता जहाज एका बाजूला किंचित कलून कोरड्या गाळात बसलं होतं आणि त्याच्या भोवतीने कुत्री फिरत होती.

इतर कुठल्या देशात मोहीम इथेच गुंडाळली असती. भगवानराव साहेबांनी काठावर उभं राहून दूरवर नजर टाकली आणि म्हणाले, “ओहोटी आहे.”

इथे गाळपेर म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. ज्यांची रानं धरणात गेली, त्यांना पाणी ओसरल्यावर उघडा पडणारा गाळ चार महिने पेरायला देतात. म्हणजे बुडालेलं रान दर उन्हाळ्याला माहेरपणाला येतं आणि पावसाळ्याच्या तोंडाला डोळे पुसत परत जातं. चांगुणाबाईचं रान असंच यायचं. आधी जुन्या विहिरीचा कठडा दिसायचा, मग बांधावरच्या बाभळीचं खोड, आणि तिथून पावलं टाकत चांगुणाबाई आपला तुकडा बरोबर ओळखायची. पाणी एक हात मागे सरकलं की ती एक हात पुढे. त्या तुकड्यात ती टरबूज लावायची. चैत्रापासून पेरणीपर्यंत घर त्या टरबुजांवर चाले. यंदा तिने जास्तच वेल लावले होते. टरबूज साधलं तर पंडितला पुढच्या दसऱ्याला टोळीची आगाऊ उचल घ्यावी लागणार नव्हती. तो घरी राहिला असता, आणि कडूबाईही.

आणि जहाज नेमकं त्याच तुकड्याच्या बांधाला लागून बसलं होतं. (जहाजाचा नांगर चांगुणाबाईच्या रानात रुतला होता. त्याने नांगरट मात्र झाली नाही.) काही दिवसांतच एक वेल साखळीवरून चढून डेकवर आला.

जहाजावरचं काम थांबलं नाही. उजाडलं की खलाशांनी काठावर हजर व्हायचं. काठावर चपला काढायच्या, विजारी गुडघ्यापर्यंत दुमडायच्या आणि मग धुळीतून चालत जहाजापर्यंत जायचं, कारण साहेबांच्या मते सवय मोडली की शिस्त मोडते. डेकवर पोचल्यावर झेंडा. मग नांगराची पाहणी (‘होता तिथेच आहे’). मग जहाजाला गळती आहे का, ते बघणं (‘आत पाणी नाही. बाहेरही नाही’). दुपारी दत्तराव सुकाणू धरून बसत आणि डोळा लागला तरी हात सोडत नसत. मग बेटावर जाऊन दुर्मिळ जीव शोधणं. योजनेत समुद्रपक्षी होते; बेटावर टिटव्या होत्या; टिटव्या समुद्रपक्षी झाल्या. त्यांची अंडी गाळातल्या ढेकळांत होती. ती सुरक्षित जागी हलवण्यासाठी साहेब स्वतः बूट घालून गेले. त्या दिवशीच्या नोंदीत ‘सर्व अंडी वेळेआधी उबली’ असं आहे.

कडूबाईकडे सागरी सुरक्षा होती. समुद्रात कुणी परवानगीशिवाय उतरला की शिट्टी मारायची. समुद्रात सगळ्यांत जास्त वेळ चांगुणाबाई असायची.

फुर्रर्र!

“ओ आत्याबाई! खोल पान्यात जाऊ नका!”

“अगं सटवे, खत टाकायलेय मी!”

“समुद्रात खत टाकायला बंदी हाय!”

“आन् तू ते नेसन कशापायी उचलायलीस? हितं चिखल न्हाई, पानी न्हाई.”

“भरती येऊ शकती, आत्याबाई.”

“भरती? आगं, तुझ्या मायला हुंड्याची भरती करता आली न्हाई, आन् तू मला भरती शिकवायलीस व्हय!”

फुर्रर्र! फुर्रर्र! कर्तव्यावरच्या खलाशाचा अपमान केल्याबद्दल दोन शिट्ट्या होत्या. आठ वर्षांत जे कडूबाईच्या तोंडून निघालं नव्हतं, ते सगळं त्या शिट्टीतून निघत होतं. पण सुट्टी झाली की ती टोपी काढून कमरेला खोचायची आणि त्याच समुद्रात अंधार पडेपर्यंत खुरपायची. चांगुणाबाईने तेव्हा घागरीतलं अर्धं पाणी तिच्यासाठी ठेवलेलं असे.

चैत्रात टरबुजं डोक्याएवढी झाली. आणि चैत्रातच निरोप आला, की मोहिमेची पाहणी करायला मुंबईहून समिती निघाली आहे. बेटाच्या चहूबाजूंनी पाणी आहे का, एवढंच ती बघणार होती.

साहेबांनी रात्रभर विचार केला. पाणी आणणं आपल्या हातात नाही. पण जमीन असल्याचा पुरावा काढून टाकणं आहे. सकाळी त्यांनी कडूबाईला डेकवर बोलावलं.

“कडूबाई, उद्या समिती येते आहे. आज संध्याकाळपर्यंत ही जलपर्णी काढून टाका.”

“कोन्ती, सायेब?”

“ही.” साहेबांनी खाली बोट केलं. खाली हिरवेगार वेल पसरले होते.

“सायेब, टरबूज हाय ते.”

“टरबूज जमिनीत येतं. इथे जमीन आहे का?”

कडूबाईने खाली पाहिलं. मग टोपी नीट केली. “न्हाई जी.”

“मग हे काय?”

“...जलपर्णी.”

“शाबास. तुमच्याच घरचं आहे, तुमच्याच हातून निघालं तर तक्रार राहणार नाही. नाहीतर शिट्टी ठेवा आणि घरी जा. दुसरी माणसं उपटतील.”

असा सरळ मामला होता. उपटलं तर नोकरी राहते आणि टरबूज जातं. नाही उपटलं तर नोकरीही जाते आणि टरबूजही. माणसाला निवड करायची मोकळीक असावी, यावर कक्षाचा विश्वास होता.

दिवस कलताना कडूबाई खुरपं घेऊन रानात आली. चांगुणाबाई विहिरीच्या कठड्यावर बसली होती.

“आत्याबाई, येल उपटायचे हायत.”

“कुनी?”

“मी.”

चांगुणाबाईने एक टरबूज मातीतून जरा वळवलं, खालची पिवळी बाजू बघितली आणि परत होतं तसं ठेवलं.

“धरन झालं तवा मी तुझ्यायेवढी हुते,” ती म्हणाली. “ह्याच रानात कापूस हुता. बोंडं फुटायली हुती. सायबाला म्हनलं, दोन येचन्या तर होऊ द्या. पानी काय थांबलं न्हाई. पन ते पानी तरी परकं हुतं गं.”

“मंग काय करू म्हन्ता? टाकू का शिट्टी?”

“शिट्टी टाकून काय हुतंय. दुसरीच्या गळ्यात बांधतील.” चांगुणाबाई उठली. “तुला काय करायचं ते कर. मी बघायला थांबत न्हाई.”

सासू गेली. कडूबाई खुरपं मांडीवर घेऊन बसून राहिली. पाच महिने जहाजावर काढून ती एक गोष्ट शिकली होती: इथे कुठल्याच वस्तूला स्वतः असल्याची परवानगी नव्हती. टिटवी समुद्रपक्षी झाली होती, दुष्काळ ओहोटी झाला होता, सासू पोहणारी. टरबुजालाही टरबूज राहून चालणार नव्हतं. पण जलपर्णीच व्हायला पाहिजे असं कुठे होतं? केबिनमध्ये योजनेचं एक रंगीत चित्र लावलेलं होतं आणि त्याच्याखाली बसून ती रोज भाकरी खायची. तिने वेल उपटला नाही. फळांवरची पानं तेवढी बाजूला सारली, पाठीवरची धूळ ओल्या फडक्याने पुसली आणि घरी जाऊन झोपली.

समिती दुसऱ्या दिवशी जीपने आली. जीप काठावर थांबली नाही, सरळ समुद्रातून धूळ उडवत जहाजाला येऊन लागली. (नोंद: ‘लाँच क्रमांक दोन’.) तीन जण उतरले. मोठ्या साहेबांनी चारी दिशांना बघितलं आणि त्यांची नजर खाली आली. जहाजाच्या सावलीपासून टेकडीच्या पायथ्यापर्यंत हिरव्या, पट्ट्यापट्ट्यांच्या पाठी उन्हात चकाकत होत्या.

भगवानराव साहेबांचा चेहरा गाळासारखा झाला.

“हे काय आहे?” मोठ्या साहेबांनी विचारलं.

फुर्रर्र! कडूबाईने टाचा जुळवून सलाम ठोकला. “कासवं हायत, सायेब. सागरी.”

मोठे साहेब मुंबईचे होते, टरबूज म्हणजे काय ते त्यांना चांगलं माहीत होतं. पण ते विचारी होते. हे टरबूज असेल तर ही जमीन आहे. जमीन असेल तर बेट नाही. बेट नसेल तर मोहीम नाही, मोहीम नसेल तर समिती नाही, आणि समितीच नसेल तर आपण या उन्हात इथे कोण म्हणून उभे आहोत? ते खाली वाकले आणि प्रेमाने म्हणाले, “किती निरोगी आहेत!”

त्यांच्यातला सगळ्यांत तरुण माणूस नवाच नोकरीला लागलेला असावा. तो म्हणाला, “पण ही हलत का नाहीत?”

“नवी मान्सं बघून लाजायलीत,” कडूबाई म्हणाली.

“पाय कुठे आहेत?”

“आत वढून घेतेत.”

“कासवाचा तो स्वभावच आहे,” मोठे साहेब म्हणाले.

“आणि ही दोरी कसली प्रत्येकाला?”

“बांधून ठिवलीत, सायेब. मोकळं जनावर, भरतीसंगं कुठं बी जातंय.”

तरुणाने वही मिटली. तो पुढे फार वर चढला, असं ऐकिवात आहे.

त्या संध्याकाळी चांगुणाबाई हसली. पदर तोंडावर धरून, कठड्यावर बसून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. “कासवं! आगं रांडं, कासवं!” असं म्हणत तिने सुनेच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि रात्री स्वतःच्या ताटातली भाकरी मोडून तिच्या ताटात टाकली. टरबूज वाचलं होतं. आणखी पंधरा दिवस, मग तोडणी, मग जिंतूरचा बाजार.

कासवांच्या संख्येत परभणी जिल्हा राज्यात पहिला आला. किनाऱ्यावरचे सगळे जिल्हे मिळून त्याच्या निम्म्यावरही नव्हते. त्यांना खुलासा विचारला गेला. आणि आठवडा व्हायच्या आत जहाजाशेजारी एक पाटी लागली: ‘संरक्षित जीव. यांना हात लावणे, हलवणे, विकणे अथवा खाणे हा गुन्हा आहे.’ पाटीखाली पहाऱ्याला कडूबाई.

टरबूज पिकलं. रानात गोड वास सुटला. चांगुणाबाई टोपली घेऊन आली आणि जहाजाखाली उभी राहून वर बघत म्हणाली, “सायेब, पिकलीत. तोडू द्या आता.”

“आजी, कासव पिकत नसतं.”

“फुटतील ओ उन्हानं!”

“त्याला अंडी घालणं म्हणतात.”

“आत बिया हायत, बिया!”

“तेच म्हणतोय मी.”

चांगुणाबाईने सुनेकडे पाहिलं. कडूबाईने शिट्टी तोंडात धरली होती, पण फुंकली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे दोघी जणी दोन टोपल्या भरून एसटीच्या वाटेला लागल्या. कडूबाईने टोपी घरीच ठेवली होती. दत्तराव डेकवर दात घासत होते. त्यांनी दोघींना बघितलं, टोपल्या बघितल्या, मग दुर्बीण उलटी धरून बराच वेळ टेकडीकडे बघत राहिले.

जिंतूरच्या स्टँडवर साहेबांच्या जीपने दोघींना गाठलं. गुन्हा दुर्मिळ जीवांच्या तस्करीचा होता. पंचनामा तिथेच, रसवंतीच्या बाकड्यावर सुरू झाला आणि ही गर्दी जमली.

“कासव हाय म्हन्ता ना?” चांगुणाबाई कमरेवर हात ठेवून ओरडली. “मंग मी कशापायी डोक्यावर आनली? चालत आली नसती व्हय जिंतूरला सोताच्या पायानं? बघा की! टोपल्यात बसल्यापून एकानं तरी पाय भाईर काढलाय का?”

गर्दी खदखदून हसली. तिच्यात शेतकरी होते, दुकानदार होते, दोन मास्तरही होते. साहेबांनी सगळ्यांना उद्देशून विचारलं, “हे काय आहे ते पंच म्हणून कोण सांगतं? सही करावी लागेल.” तेव्हा एकाची चुडाव्याची गाडी चुकत होती, एकाला घरून बोलावणं आलं, आणि मास्तरांनी हा भूगोलाचा प्रश्न असल्याचं सांगितलं, ते इतिहासाचे होते. एक टरबूज पुराव्यासाठी कापलं गेलं. ते लालभडक निघालं. पंचनाम्यात ‘नमुना तपासणीदरम्यान नष्ट झाला’ असं आहे आणि तपासणारांच्या हनुवट्या पुसायला रसवंतीवाल्याने फडकं दिलं.

उरलेल्या कासवांना स्थानिकांपासून धोका आहे, हे आता उघड झालं होतं. त्यांचं तातडीने पुनर्वसन करायचं ठरलं. जुन्या हिवरदऱ्याच्या माणसांच्या पुनर्वसनाचं काम धरण झालं तेव्हापासून चालूच आहे आणि ते अत्यंत काळजीपूर्वक चालू आहे. कासवांचं तीन दिवसांत उरकलं. मजूर आले, तोडणी झाली, ट्रक भरले, आणि कासवं परभणी, पूर्णा, नांदेड अशा सुरक्षित ठिकाणी रवाना झाली. ट्रक कुणाचे होते ते विचारू नये. कक्षाने ते विचारलं नाही.

वैशाखात एकदाचे पाहुणे आले. मांडवात कडूबाईला कासवांचा शोध लावल्याबद्दल शाल आणि नारळ मिळाला, आणि लगेच कासवांची चोरी केल्याबद्दल कामावरून कमी केल्याची नोटीस. दोन्ही एकाच हाताने दिलं गेलं, एकाच फोटोत. त्यामुळे मांडवाचा दुसरा खर्च वाचला. त्याच कार्यक्रमात पाहुण्यांनी जाहीर केलं, की समुद्र बारमाही असल्यामुळे हिवरदऱ्यात इथून पुढे गाळपेर राहणार नाही. टाळ्या झाल्या.

दसऱ्याला टोळी निघाली तेव्हा पंडितच्या कोयत्याला जोडीदार म्हणून कडूबाई होती. शाल तिने पोराला पांघरायला ठेवली आणि पोराला चांगुणाबाईपाशी. निघताना सासू ट्रकच्या फाळक्याला धरून म्हणाली, “सांभाळून जा गं. समुद्र लागला तर शिट्टी मार.” दोघी हसल्या नाहीत. ट्रक निघून गेला.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी ओसरलं, कठडा दिसला, बाभळीचं खोड दिसलं. चांगुणाबाई काठावर बसून बघत होती. गाळाच्या बाजूने नव्या खलाशिणीने शिट्टी मारली.

आता अधिवासाचं तेवढं राहिलं. कासवं कुठल्या अधिवासात सोडली, ते अहवालात लिहावं लागतं. त्या वैशाखात तुम्ही बाजारातून एक टरबूज आणलं होतं. आठवतंय? इतकं स्वस्त कसं, म्हणून विचारलंत आणि उत्तर यायच्या आत दुसरंही पिशवीत टाकलंत. दुपारी सगळं घर ओट्यावर बसलं, मीठ लावून खाल्लंत, ‘गाळाचं दिसतंय, साखर आहे साखर!’ असंही तुम्हीच म्हणालात. शेवटच्या पानावर ‘नवा अधिवास’ म्हणून तुमचीच नोंद आहे: काळोखा, उबदार, आणि आतून कसलाही आवाज न येणारा. त्याची वेळोवेळी पाहणी करण्याची तरतूद आहे. तेव्हा एखाद्या दुपारी दोन साहेब दारात आले आणि तुमच्या पोटावर टिचकी मारून कान लावून ऐकू लागले, तर घाबरून जाऊ नका. सदरा वर करा आणि स्वस्थ उभे राहा. तुम्हाला सवय आहे.